बसून जायची होडी

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सकाळी संदेश आला, ‘आपल्या तळमजल्याचे सबनीसकाका काल गेले.’ त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली. इमारत पुनर्विकासासाठी रिकामी झाल्यापासून आम्ही विखुरलो आहोत. कोणी कल्याणला, कोणी विठ्ठलवाडीला, मी ठाण्यात वर्तकनगरला भाड्याच्या घरात. एकमेकांची तोंडं दिसत नाहीत, पण ग्रुपवर हात मात्र लगेच जुळतात. मी फोन धरून बसलो. तेच चिन्ह टाकायला अंगठा पुढे गेला आणि मागे आला. बायको म्हणाली, “टाका की. सगळ्यांचं आलं, खजिनदारांचंच नाही.” नंतर टाकतो म्हणालो. न टाकण्याला कारण आहे आणि ते एका ओळीत बसत नाही.

सबनीसकाका माजिवड्याच्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात होते. मी ओळखायला लागलो तेव्हा निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी शर्टाच्या खिशात पेन्सिल, खोडरबर आणि सहा इंची स्टीलची पट्टी असायचीच. बोलताना ते माणसाच्या तोंडाकडे न बघता त्याच्या मागच्या भिंतीकडे बघत; भिंत ओळंब्यात आहे की नाही हे आधी पाहून घ्यायचं आणि मग ऐकायचं, असं काहीतरी. आमच्या जिन्यात एका ठरावीक पायरीला सगळे ठेचकाळायचे. आम्ही वीस वर्षं बल्बला दोष देत होतो. काकांनी पट्टी लावून सांगितलं की ती पायरी बाकीच्यांपेक्षा पाऊण इंच उंच आहे. मग स्वतःच ब्रश आणून तिच्या कडेला पांढरा पट्टा ओढला. “मिलिमीटरमध्ये चुकलेलं फुटात दिसतं,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते सुनावण्यासाठी म्हणत नसत. थकल्यासारखे म्हणत, जणू हे निस्तरायचं काम शेवटी त्यांच्याच गळ्यात पडणार आहे.

आणि बहुतेक वेळा पडायचंच. घरात सुमनकाकू होत्या. शाळेत गणित शिकवलेल्या, आवाज खणखणीत. अर्धांगवायूने डावी बाजू गेली तेव्हापासून तळमजल्याच्या गॅलरीत खुर्चीत बसून असायच्या. इमारतीत कोण आलं, कोण गेलं, कोणाच्या पिशवीत काय, हे त्यांना ठाऊक. काका त्यांना अंघोळ घालायचे, वेणी घालायचे, भरवायचे. वेणी मात्र त्यांना कधी जमली नाही. काकू म्हणायच्या, “आयुष्यभर सरळ रेघा मारल्यात यांनी, तीन पेडांत गोंधळतात.” काका ऐकून घ्यायचे आणि कमरेवर हात ठेवून सरळ व्हायचा प्रयत्न करायचे. कमर त्यांचीही गेलेलीच होती.

आमची इमारत डोंबिवली पश्चिमेला, खाडीच्या बाजूला. एका पावसाळ्यात धरणाचं पाणी सोडलेलं आणि वर भरती, असं दोन्ही एकदम आलं. पहाटे तळमजल्यात पाणी शिरलं आणि चहा होईपर्यंत कमरेला लागलं. वर न्यायचं तर जिना अरुंद, लिफ्ट नाही. शिवाय त्याच दिवशी काकूंना ताप होता, दवाखान्यात न्यायलाच हवं होतं. खुर्चीतून न्यावं तर खुर्ची पाण्यात बुडत होती. खांद्याच्या उंचीवर धरायचं म्हणजे सपाट काहीतरी हवं. शेवटी काकांनीच बेडरूमचं दार बिजागऱ्यांतून काढलं. त्यावर गादी टाकली, काकूंना आडवं केलं, वर पांढरी चादर घातली, पडू नयेत म्हणून साडीने दोन ठिकाणी बांधलं आणि आम्ही चौघांनी दार खांद्यावर घेतलं. मागचा उजवा कोपरा माझ्याकडे होता. काका पुढे चालत होते, हातात औषधांची पिशवी उंच धरून.

आम्ही फाटकाबाहेर पडलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या गॅलऱ्यांत माणसं उभी होती. पाऊस होता, लांबून चेहरा दिसत नव्हता. त्यांना दिसलं ते एवढंच: चार खांदे, पांढरं कापड, बांधलेलं शरीर, पुढे मान खाली घातलेला नवरा. पहिल्यांदा समोरच्या इमारतीतल्या एका माणसाने हात जोडले. मग त्याच्या शेजारणीने. मग दोन्ही बाजूंनी हात जुळत गेले. आमच्याच तिसऱ्या मजल्यावरच्या कुलकर्णीकाकूंनी डोळ्यांना पदर लावला. यात कोणाची चूक म्हणावी? आपण तेच करतो, रस्त्याने कोणी चाललं की. पण सुमनकाकू शुद्धीवर होत्या आणि उताण्या होत्या, त्यामुळे त्यांना आमच्यापेक्षा गॅलऱ्याच जास्त दिसत होत्या.

काकू बऱ्या झाल्या, घरी आल्या, चिखल निघाला. मी चौकशीला गेलो तर गॅलरी बंद. काकू आत भिंतीकडे तोंड करून बसलेल्या. बऱ्याच दिवसांनी बोलल्या तेव्हा चहाचा कप माझ्या हातात होता.

“आडवं एकदाच न्यायचं असतं माणसाला. माझं झालं ते. लोकांनी नमस्कारसुद्धा करून घेतला.”

काका स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. त्यांनी खिशातून पट्टी काढली, परत ठेवली.

वरच्या मजल्यावर भाड्याने जा, असं सगळ्यांनी सुचवलं. काकूंनी नाही म्हटलं. वर गेले की मी पुन्हा खाली येणार ती कशी, ते मला ठाऊक आहे, म्हणाल्या. रबरी बोट घ्या, असं मी सुचवलं. काकांनी दुकानात जाऊन पाहिलीही. “रबरात पाठ टेकत नाही,” एवढंच सांगितलं. त्या आठवड्यात त्यांच्या हॉलच्या फरशीवर खडूने एक लांबट आकृती उमटली. पूर्ण मापाची. काकूंची खुर्ची तिच्यावरून फिरायची आणि काका पुन्हा रेघ ओढायचे.

लोक हसले, विशेषतः आमच्या शेजारचे म्हात्रे. आमची इमारत ज्या जमिनीवर आहे ती पूर्वी त्यांचीच. आता बंगला, दोन गाड्या, गळ्यात साखळी. काका त्यांच्याकडे मोठ्या आशेने गेले होते, कारण त्यांच्या आज्याची खाडीत होडी होती असं ऐकलेलं. म्हात्रे म्हणाले, “आज्याची होरी होती, खरं हाय. पन मी कदी बसलो नाय, काका. मना उलटी व्हते.” आणि मग एक तासभर जमिनीच्या भावाबद्दल बोलले. काका परत आले ते होडीची जुनी चित्रं आणि मापं कुठूनकुठून गोळा करायला लागले. होडी बाहेर कशी काढणार, हा प्रश्न प्रत्येकाने त्यांना विचारला. तो त्यांनी सगळ्यांत आधी सोडवला होता: गॅलरीचा कठडा काढता येईल असा करून घेतला होता. हे सांगतानाही त्यांच्या आवाजात जिंकल्याचा सूर नसायचा. “तेवढं तर मोजणारच ना माणूस,” म्हणायचे.

काकूंनी एकच अट घातली. लाकूड जुन्या दारांचं नको. डोंबिवलीत जिकडेतिकडे इमारती पडत होत्या आणि सागवानी दारं सहज मिळत होती. तयार रुंद फळ्या, घासल्या की झालं. काकांनी एकही दार घेतलं नाही. विठ्ठलवाडीला जुन्या लाकडाच्या दुकानांत मी एकदा त्यांच्याबरोबर गेलेलो. दुकानदार एकामागून एक दारं दाखवत होता आणि काका माळ्याच्या फळ्या, वासे, खिडक्यांच्या चौकटी असले तुकडे निवडत होते. तुकडे जास्त म्हणजे सांधे जास्त, आणि सांधे जास्त म्हणजे गळती जास्त. हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. मी म्हटलं, काकूंना काय कळणार आहे फळी कुठली ती. काका भिंतीकडे बघत म्हणाले, “मला कळेल.”

काकूंना रात्री झोप येत नसे, त्या दुपारी झोपायच्या. म्हणून ठोकाठोकी सकाळी आणि घासायचं-मोजायचं काम दुपारी. काकूंची मापंही घेतली, खुर्चीत बसवून: बैठकीची रुंदी, गुडघ्यापर्यंतचं अंतर, कोपराची उंची, पाठ कुठे टेकते, मान कुठे कलते. डाव्या बाजूला तोल जातो म्हणून तिकडचा हात टेकायचा भाग दोन बोटं उंच धरला. काकू म्हणाल्या, “शिंप्यानेसुद्धा जन्मात एवढं मोजलं नाही मला.” पण त्या दिवशी गॅलरी उघडली होती. म्हणाल्या, उजेड लागतो ना यांना मापाला.

मी संध्याकाळी कामावरून येताना डोकवायचो. कितीदा तरी काका अर्धवट होडीच्या सांगाड्याला टेकून, मांडीवर रंधा तसाच ठेवून झोपलेले दिसायचे. एकदा मी सहज म्हणालो, या वयात तुमचा उत्साह कमाल आहे. त्यांनी माझ्याकडे, चक्क तोंडाकडे, पाहिलं.

“उत्साह कसला? मला कंटाळा येतो हो. पण तिला पुन्हा उचलायचं नाही, एवढंच आहे.”

होडी झाली आणि गळली. पार्किंगमध्ये विटांवर ठेवून, आत पाणी भरून पाहिलं तर दहा ठिकाणांहून धारा. सांधे कापसाने आणि राळेने भरले होते, तरी. काका दोन दिवस पाइप लावून ती पुन्हा पुन्हा भरत राहिले. तिसऱ्या दिवशी खाली गेलो तर धारांचे थेंब झाले होते, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी थेंबही नाहीत. पावसात दार फुगून घट्ट बसतं, तेच झालं होतं. पण याचा अर्थ असा की होडी सुकू द्यायची नाही. सुकली की फळ्या आकसणार, सांधे उघडणार, आणि पाणी कधी येईल ते तर ठरलेलं नसतं. म्हणजे होडी कायम भरलेली हवी.

आता आमच्याकडे आठवड्यातून एक दिवस पाणी बंद, उन्हाळ्यात दोन. अशा ठिकाणी एका माणसाने साधारण आठशे लिटर पाणी होडीत भरून ठेवायचं म्हणजे काय, हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. सभा झाली. कुलकर्णीकाकू तावातावाने बोलल्या, आमच्या घरात भांडी खरकटी आणि इथे लाकडाला पाणी पाजताय. मी खजिनदार, मी टाकीची क्षमता, माणसं, वापर असं मांडून दाखवायला लागलो. काकांनी मला थांबवलं. म्हणाले, पाणी होडीत राहिलं काय आणि पिंपात राहिलं काय, राहतंच. ज्या दिवशी नसेल त्या दिवशी होडीतलं न्या, आलं की पुन्हा भरा. फक्त तळ कोरडा पडू देऊ नका.

अशी ती होडी आमच्या इमारतीचं पिंप झाली. पाणी बंद असलं की माणसं बादल्या घेऊन होडीवर. डासांची तपासणी करणाऱ्यांनी हरकत घेतली तेव्हा काकांनी तिच्यात गप्पी मासे सोडले. सुमनकाकू गॅलरीतून लक्ष ठेवायच्या, शेजाऱ्यांना नावानिशी टोकायच्या: “दोनच बादल्या, पाटणकर. तिसरी दिसली मला.” वर्गात मुलांना मोजायच्या तशा बादल्या मोजायच्या. होडी आहे हे आम्ही हळूहळू विसरलो. मला वाटतं, फक्त दोघं विसरले नव्हते.

पुढे एका श्रावणात पाणी पुन्हा आलं. तसंच, पहाटे. मी खाली आलो तेव्हा पार्किंगमध्ये गुडघ्याच्या वर होतं आणि काका होडीशी उभे होते. होडी काठोकाठ भरलेली. त्या दिवशी पाणी बंद असणार म्हणून आदल्या रात्री आम्हीच ती भरून ठेवली होती. तळाला बूच होतं, पण बाहेर एवढं पाणी असताना ते काढून उपयोग नव्हता. आतलं पाणी हातांनीच उपसायला हवं होतं. काकांकडे एक तांब्या होता. ते उपसत होते. म्हणाले, “मी सगळं मोजलं. हे नाही मोजलं.”

मी जिन्यात उभं राहून हाक मारली. घरोघरचे लोक बादल्या घेऊन आले. पंप बुडालेला, वर पाणी चढणार नव्हतं, त्यामुळे कोणी होडीतलं पाणी फेकेना. भरायचं आणि वर न्यायचं. पण एवढे हात लागले की आतलं पाणी भराभर उतरलं. कुलकर्णीकाकूंनी तीन बादल्या नेल्या, त्यातल्या एकीत मासे होते. ते त्यांनी पुढे कितीतरी महिने काचेच्या बरणीत पाळले. होडी विटांवरून हलली, एक गचका खाल्ला आणि तरंगली. म्हात्रेही आले होते, बर्मुडा घालून, छातीपर्यंत भिजलेले. त्यांनी होडी गॅलरीला लावून धरली. काठ आणि गॅलरीचा उंबरा एका पातळीत येतील अशी काकांनी आखणी केली होती. तिथे मात्र काही चुकलं नाही. मध्ये गुळगुळीत फळी टाकली आणि काकू खुर्चीतून होडीतल्या बैठकीत सरकल्या. कोणी त्यांना उचललं नाही.

त्यांनी हिरवी साडी मागून घेतली होती. पाणी वाढत असताना साडी बदलायला जो वेळ गेला त्यावरून काका एरवी चिडले असते. त्या दिवशी त्यांनी निऱ्या नीट केल्या. काकू बसल्या, पाठ टेकली, डावा हात उंच केलेल्या जागेवर ठेवला. मग म्हणाल्या, “तुम्हीही बसा. तुमची कमर दिसतेय मला.” वल्ही मारणारा नेहमी मागे तोंड करून बसतो, म्हणजे काका बसले ते काकूंच्या समोरासमोर. गल्लीत वल्ह्यांना जागा नव्हतीच. मी एका बाजूने, म्हात्रे दुसऱ्या बाजूने, ढकलत निघालो. शाळेच्या चढापर्यंत तीनशे मीटर असेल. म्हात्रे म्हणाले, “चालत ढकलायला बरं वाटते. बसायला सांगू नका.”

फाटकाबाहेर दोन्ही बाजूंना गॅलऱ्यांत माणसं होती. तीच बहुतेक. काकूंनी मान ताठ केली. वर बघत होत्या, एकेका मजल्यावर, हजेरी घ्यावी तसं. लोकांना या वेळी हातांचं काय करावं ते कळेना. आमच्या तिसऱ्या मजल्यावरून कुलकर्णीकाकू ओरडल्या, “सुमनताई, सांभाळून, नीट बसा.”

“बसलेच आहे. बघून घ्या नीट.”

कोणीतरी हसलं. समोरच्या इमारतीतल्या माणसाने एक हात वर केला. मग इतरांनीही केले. काकूंनी उजवा हात उचलून हलवला. काकांची पाठ पुढे होती, त्यांना गॅलऱ्या नीट दिसत नव्हत्या. ते सगळा वेळ काकूंचंच तोंड बघत होते.

पुढच्या थंडीत काकू गेल्या, ठाण्याच्या एका रुग्णालयात, न्यूमोनियाने. त्यांना घरी आणलं तेव्हा आम्ही जे करतात ते केलं. बांबू, सुतळी, पांढरं कापड. मी गाठ मारत होतो. काका शेजारी उभे होते. त्यांनी खाली वाकून एक गाठ सैल केली आणि म्हणाले, “हिची ही दुसरी वेळ.” फाटकाबाहेर हात जुळले, जुळायलाच हवे होते. काका पुढे मडकं धरून चालले. त्यांनी एकदाही वर पाहिलं नाही.

त्यानंतर होडीची गरज कोणालाच नव्हती, पिंप म्हणून सोडली तर. तरी उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की काका पाइप लावून उभे असायचे. एकदा मी विचारलं, आता कशाला. म्हणाले, लाकूड सुकलं की सांधे सुटतात. ते तांत्रिक कारण होतं आणि मी तसंच घेतलं.

मग इमारत पाडायची ठरली. काका मुलीकडे माजिवड्याला जाणार होते, अकराव्या मजल्यावर. तिथे होडी कुठे ठेवणार? म्हात्र्यांनी स्वतःहून सांगितलं, खाडीपलीकडे त्यांच्या वाडीत तळं आहे, तिथे ठेवू. “मी बसणार नाय. पन पान्यात ऱ्हाईल,” म्हणाले.

सामान हलवायच्या दिवशी टेंपो आला. होडी मागे चढवली, दोर बांधले. पुढे ड्रायव्हरशेजारी मुलीने काकांसाठी जागा धरली होती. काका म्हणाले, नको, वळणावर ही सरकेल, मी मागे धरून बसतो. मुलीने कपाळावर हात मारला. मी आणि ड्रायव्हरने त्यांना वर घेतलं. ते सवयीने आपल्याच जागी बसले, वल्ही मारणाऱ्याच्या, मागे तोंड करून. समोर ती बैठक, डावा हात दोन बोटं उंच. त्यांनी तिच्या कडेवर हात ठेवला, सरकते की काय म्हणून.

टेंपो फाटकातून बाहेर पडला. आमच्या गॅलऱ्या रिकाम्या होत्या, दारं-खिडक्या काढून नेलेल्या. रस्त्यावर मी एकटाच होतो आणि काका माझ्याकडे, म्हणजे माझ्यामागच्या भिंतीकडे, बघत लांब जात होते. वडीलधारा माणूस कायमचा निघालेला; माझे हात सवयीने जुळायला निघाले. छातीपर्यंत आलेही. मग मी उजवा तेवढा वर केला.

त्यांनीही केला.